शलमोनमामांचं पहिलं पीक

शिरूरच्या चर्चमध्ये हंगामाच्या सणाला प्रत्येक जण आपल्या रानातलं काही ना काही घेऊन येतो. उपासना झाली की पाळकसाहेब एकेक वस्तू उचलून लिलाव पुकारतात आणि पुकारताना मालकाचं नाव घेतात. "गेणबाच्या रानातली बाजरीची कणसं", "बानूबाईच्या परड्यातला कोंबडा" असं. शलमोन उजागरे यांच्या वाट्याला मात्र वर्षानुवर्षं नुसतं "एक भोपळा" येत होतं. कारण मामांना ना रान, ना परडं. उभा जन्म सणसवाडीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात गेला. सणाच्या आदल्या दिवशी ते बाजारातून भोपळा आणत, आणि तो विकतचा आहे हे साऱ्या मंडळीला ठाऊक असे, कारण निम्म्या मंडळीने त्याच गाळ्यावर भाजी घेतलेली असे. मामांना त्याची फार लाज वाटायची. बोलून दाखवत नसत, पण त्या दिवशी त्यांना जेवण जात नसे.

रिटायर झाल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत झेरॉक्सचं दुकान काढायचं ठरवलं. दौंडला मेव्हण्याच्या ओळखीत मल्टिफंक्शन प्रिंटर घेतला. झेरॉक्स, प्रिंट, स्कॅन, सगळं एकाच मशीनमध्ये. एसटीत खोकं शिरूरपर्यंत मांडीवर घेऊन आले. वर ठेवा म्हणणाऱ्या कंडक्टरशी भांडले. आणि रविवारी भर चर्चमध्ये उभं राहून त्यांनी जाहीर केलं की या मशीनचा पहिला कागद येत्या सणाला देवाला द्यायचा. प्रथमउपज म्हणून, शेतकरी पहिलं पीक देतो तसा.

त्यांच्या पत्नीने, दयाबाईंनी, तिथल्या तिथे पदर तोंडाला लावला. मामांच्या घोषणांचं पुढे काय होतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? मधमाश्यांच्या रिकाम्या पेट्या अजून माळ्यावर पडून होत्या.

पहिल्या कागदावर बायबलमधलं 'परमेश्वर माझा मेंढपाळ' हे तेविसावं स्तोत्र यायचं होतं. भाचीने, स्वीटीने, ते मोबाइलवर सजवून दिलं होतं. वर निळं आभाळ, कडेने वेलबुट्टी, खाली मेंढरं. मेंढरं मामांनी स्वतः निवडली होती. मशीन मात्र सणाच्या सकाळपर्यंत खोक्यातच राहिलं. देवाला शिळं पीक कसं द्यायचं, असं त्यांचं म्हणणं.

त्या सकाळी नेमका निमोण्याचा जयसिंग हातात सातबारा घेऊन दारात उभा. हा मामांचा शाळेपासूनचा दोस्त. दरवर्षी चर्चच्या लिलावात येऊन कोंबडे घेऊन जाणारा.

"एक झेरॉक्स मार, शलमोन."

"आज न्हाई. पयला कागद देवाचा हाय."

"मग त्याचा उरकून घे. मी बसतो."

बसतो म्हणणारा माणूस बसतो थोडाच. खोकं उघडल्यावर मशीनला आत-बाहेर चिकटवलेल्या केशरी पट्ट्या त्यानेच सोलून काढल्या. मामांनी चार बाटल्यांतली शाई चार टाक्यांत ओतली, बाळाला औषध पाजावं तशी. वायर लावली. मशीन घरघरायला लागलं आणि पडद्यावर थांबायला सांगून जे सुरू झालं ते काही थांबेना.

"हवा काढली का?" जयसिंगने विचारलं. "इंजनाची हवा काढल्याबिगर ते धरत न्हाई."

"हे इंजन न्हाई, जयसिंग."

"आवाज तर तोच हाय."

एकदाची घरघर थांबली. ट्रेमध्ये कोरे कागद भरले. मामांनी बोट पुढे केलं, मागे घेतलं, आणि म्हणाले, "आधी प्रार्थना करू." दयाबाईंनी डोळे मिटले. जयसिंगने टोपी काढली. मामांची प्रार्थना ही सावकाश चालणारी गोष्ट. कारखान्यापासून सुरुवात करून ते मेव्हण्यापर्यंत आले होते, तोच आतून खर्र झालं. मामांनी आमेन म्हणेपर्यंत धीर धरला आणि मग डोळे उघडले. कागद बाहेर पडलेला होता.

त्यावर स्तोत्र नव्हतं. आभाळ नव्हतं. मेंढरू तर एकही नव्हतं. काळे, निळे, लाल पट्टे, शिडीसारख्या रेघा आणि कोपऱ्यात चार चौकोन. खाली सूचना, की हा कागद काचेवर पालथा ठेवून बटण दाबा. नवं मशीन आधी स्वतःचीच तपासणी करून घेतं, हे पुस्तिकेत लिहिलेलं होतं. मामांचं तेवढंच पान वाचायचं राहिलं होतं.

"मी बोटसुदिक लावलं न्हाई," मामा म्हणाले. "हा धरायचा न्हाई."

"का म्हणून? पयल्या वेताला गोऱ्हा झाला तर ते वेत धरत न्हाईत व्हय?" जयसिंग म्हणाला.

मामांनी रागारागात कागद पालथा घातला, बटण दाबलं, मशीनचं समाधान केलं आणि मग स्तोत्र काढलं. काय देखणं आलं होतं! मेंढरांची लोकरसुद्धा मोजून घ्यावी. मामा ते हातात धरून बराच वेळ उभे राहिले.

"हाच न्यावा म्हंतो," ते हळूच म्हणाले. "कुणाला काय कळतंय?"

दयाबाईंनी काचेवरचा पट्ट्यांचा कागद काढून त्यांच्यापुढे धरला. "अवं, गेणबाची कणसं औंदा दाणं न भरता आली. तरी आणणारच की तो. ज्याच्या रानात जे पिकलं ते. इकत आणल्यावानी देखणं कशाला पायजे तुम्हाला?"

विकतचं म्हटल्यावर मामांना ठसका लागला. त्यांनी स्तोत्र टेबलावर ठेवलं आणि पट्ट्यांचा कागद घडी पडणार नाही असा दोन्ही हातांत धरून चर्चची वाट धरली. सगळी मंडळी हसणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

लिलावात भोपळे गेले, कांदे गेले, कोंबडा जयसिंगने घेतला. मग पाळकसाहेबांनी तो कागद उचलला, सरळ धरला, उलटा धरला, कसाही धरला तरी अर्थ लागेना. मागच्या बाकांवर खुसखुस सुरू झाली. मामांनी मान खाली घातली.

पाळकसाहेबांनी घसा साफ केला. "शलमोन उजागरे यांच्या मशीनचं," ते खणखणीत आवाजात म्हणाले, "पहिलं पीक."

मामांनी आपलं नाव ऐकलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. डोळ्यांत पाणी आलं ते आलंच, पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

बोली कुणी लावेना. शेवटी म्हाताऱ्या बानूबाई पुढे आल्या. कुठलीही भाजी त्या पारखल्याशिवाय घेत नसत. त्यांनी कागद उजेडात धरला, उलटून पाहिला, नाकाशी नेला.

"ताजा हाय," त्या म्हणाल्या. "मी घेती. का रं शलमोन, फुडल्या साली कसं येईल?"

मामांनी डोक्यावर हात फिरवला, खिडकीतून आभाळाकडे पाहिलं.

"बघू, मावशी," ते म्हणाले. "पाऊस बरा झाला तर येईल."