रूट ६६ वरची ढाबेवाली

आमच्या घरी रोज सकाळी दोन ठिकाणच्या बातम्या येतात. एक आपल्या नाशिकच्या, त्या मी वाचते. दुसऱ्या अमेरिकेतल्या, ॲरिझोनामधल्या एका एवढ्याशा गावाच्या. त्या आमचे हे वाचतात. वाचतात म्हणजे बघतात. इंग्रजीशी त्यांचं कधी जमलं नाही, पण मोबाइलवरच्या फोटोवरून अख्खी बातमी रचून सांगायची हौस दांडगी.

त्या गावात आमची लेक राहते. तिथल्या लहानशा दवाखान्यात ती नर्स आहे. गाव रूट ६६ नावाच्या जुन्या हायवेवर. एके काळी म्हणे अर्धी अमेरिका त्या रस्त्याने जायची. मग बाजूने मोठा रस्ता झाला, गाड्या तिकडे वळल्या आणि गावं ओस पडली. आता जुन्या गाड्यांचे शौकीन आणि रंगीत दिव्यांच्या पाट्यांचे फोटो काढणारे पर्यटक येतात, तेवढीच वर्दळ. लेकीने हे सांगितलं तेव्हा मला दोनदा समजावून घ्यावं लागलं. ह्यांना नाही. उभा जन्म आग्रा रोडवर ट्रक चालवलेला माणूस. "म्हंजे तिथंबी उड्डाणपूल झाला," एवढंच म्हणाले. आमचं घर आडगाव नाक्याजवळ आहे. पूल झाल्यापासून ट्रक डोक्यावरून जातात आणि ह्यांच्या ओळखीचे चहावाले खाली माश्या मारत बसतात.

लेक राहते ती खोली एका म्हाताऱ्या बाईंच्या हॉटेलाच्या वर. नवऱ्यामागे बाई एकट्या ते हॉटेल चालवायच्या. पोरगी पहिल्यांदा तिथे पोचली तेव्हा त्यांनी तिला बळेबळे बसवून सूप पाजलं, आणि ते तिला अळणी लागलं हे तोंडावरून ओळखून दुसऱ्या आठवड्यात कुठूनतरी हिरव्या मिरच्या आणून ठेवल्या. तेव्हापासून आमच्या घरात त्यांचं नाव 'ढाबेवाली'. व्हिडिओ कॉलवर हे मराठीत बोलायचे, त्या इंग्रजीत, आणि दोघंही खूश. "ती बाई हाय तवर मला पोरीचा घोर नाय," हे म्हणायचे. "ती नसंल त्या दिवशी पोरीनं सरळ घरी यायचं." मी हसण्यावारी नेलं. लेकीने ते मनावर घेतलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

ह्या हिवाळ्यात तिचा फोन काही दिवस आला नाही. 'ड्युटी आहे' असा नुसता मेसेज यायचा. एका सकाळी मी भाकरी थापत होते आणि बाहेरून ह्यांची हाक आली. "अगं, ढाबेवालीचा वाढदिवस! म्हणून आपली पोरगी गडबडीत हाय बघ."

गावाच्या बातम्यांच्या पानावर बाईंचा रंगीत फोटो होता. गुलाबी लिपस्टिक, तोंडभर हसू, कडेला फुलं. आता आपल्याकडे चौकात लागलेल्या फ्लेक्सवर जो असा हसतो त्याचा वाढदिवस असतो. गेलेला माणूस गंभीर चेहऱ्याने, काळ्या चौकटीत बसतो. त्यामुळे ह्यांना शंका यायचं कारणच नव्हतं. मीही पिठाच्या हातांनी, चष्म्याविना डोकावले आणि "छान दिसतायत" म्हणाले. हात धुऊन येईपर्यंत ह्यांनी फोटोखाली लिहून टाकलंसुद्धा: वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, उदंड आयुष्य लाभो. पुढे केकच्या चित्रांची रांग.

दुपारी चष्मा लावून मी ते पान पुन्हा उघडलं. नावाखाली दोन सालं होती आणि मध्ये बारीकशी रेघ. बाई गेल्या होत्या.

"आधी ते पुसा!" मी ओरडले. पण उशीर झाला होता. कुणीतरी मोबाइलकडून त्याचा इंग्रजी अर्थ काढून घेतला होता, आणि बाईंच्या मुलाने खाली लिहिलं होतं, आईने हे वाचलं असतं तर सगळ्यांत मोठ्याने तीच हसली असती. ह्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते म्हणाले, "पोरीजवळ आता कोण हाय?"

दुसऱ्या सकाळी लेकीचा फोन आला. रडतही होती, हसतही होती. "पप्पा, अहो, केक कसले टाकता!" मग म्हणाली, "मुद्दाम नव्हतं सांगितलं. तुम्ही परत बोलावलं असतं. मला इथेच राहायचंय."

खरं सांगते, मला वाटत होतं, म्हणा एकदाचं, ये घरी. जीव तुटत होता माझा. ह्यांनी घसा खाकरला.

"आमच्या लायनीत ढाबेवाला वारला, तर दुखवटा सरल्यावर जी पयली गाडी थांबंल तिच्या ड्रायवरनं चूल पेटवायची. चहा करून घरच्यांना पाजायचा. नायतर रस्ता त्या घराला इसरतो. तू तिच्या हातचं खाल्लंस ना? मंग चहा तू करायचा."

"म्हणजे परत येऊ नको?"

"आधी चहा तर कर," म्हणाले, आणि फोन माझ्या हातात देऊन गॅलरीत गेले. बराच वेळ पाठमोरे उभे होते. मी हाक मारली नाही. मलाही तोंड धुवायचं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी ह्यांनी मला पुन्हा त्या पानावरची बातमी दाखवली, पण हाक न मारता. स्वयंपाकघराच्या दारात येऊन मोबाइल पुढे धरून उभे राहिले. त्यात आमची लेक होती. बाईंच्या हॉटेलात, हातात भलं मोठं पातेलं, तोंडभर हसू. भोवती म्हातारीकोतारी माणसं कप घेऊन उभी, खिडकीबाहेर जुन्या लांबलचक गाड्या. खाली तिचं नाव.

मी मोबाइल घ्यायला हात पुढे केला तर म्हणाले, "आधी चष्मा लाव."

मी चष्मा लावला.

"नावाखाली साल-बिल काय नाय ना? नीट बघ."

मी शब्द न् शब्द वाचला. "नाही," म्हटलं. "एकसुद्धा नाही."

मग त्यांनी खुर्ची ओढली आणि एकेक अक्षर शोधत लिहायला घेतलं, उदंड आयुष्य लाभो.