चौथी पसंती

"मत द्यायला कुणी एकशे चाळीस किलोमीटर जातं का?" माझ्या नवऱ्याने, शिरीषने, विचारलं.

फेब्रुवारी २०२०. शनिवारी आयर्लंडच्या संसदेची निवडणूक होती. डब्लिनजवळच्या स्वोर्ड्सला राहायला येऊन आम्हाला सहा महिने झाले होते, पण मतदारयादीत माझं नाव अजून किलकेनीच्या जुन्या पत्त्यावर होतं. ते बदलायला हवं होतं, हा माझाच आळस. शिवाय तिथल्या आमच्या शेजारणीला, चौऱ्याऐंशी वर्षांच्या नोराला, मी शब्द दिला होता की तिला केंद्रावर मीच नेईन. तिची नजर आता फार अधू झाली आहे.

पण ही सगळी वरवरची कारणं. आदल्या वर्षी मी आयरिश नागरिक झाले होते. भारतीय पासपोर्ट रद्दचा शिक्का घेऊन परत आला, त्या दिवशी मी कुणाशी फारसं बोलले नव्हते. शिरीषने मात्र आपला पासपोर्ट तसाच ठेवला आहे. एका देशाच्या संसदेसाठी मत द्यायचा हक्क मी सोडला होता. तो दुसऱ्या देशात वापरेपर्यंत मला स्वस्थता नव्हती.

जाणाऱ्यांसाठी: गाडीने दोन तास धरा. एम-५० रस्त्यावर टोलनाका दिसत नाही, पण कॅमेरा नंबर टिपतो. टोल दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत ऑनलाइन भरा, नाहीतर दंड. पुढे एम-९ला लागलं की रहदारी विरळ होते. त्या दिवशी वारा इतका होता की स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागत होतं. विजेच्या खांबांवरचे उमेदवारांचे हसरे चेहरे फडफडत होते, काही गटारात उलटे पडले होते. किलकेनीत किल्ल्याजवळ गाडी लावून जुन्या दगडी गल्ल्यांतून चालत जा. गाव पायीच कळतं.

नोराने बटाटा-लीकचं सूप आणि स्वतः भाजलेला ब्राउन ब्रेड पुढे ठेवला.

"आधी खा. मतपेटी कुठे पळत नाही."

जेवताना ती तिच्या वडिलांबद्दल बोलली. इंग्रज गेले आणि लगेच इथे यादवी युद्ध झालं. तिचे वडील एका बाजूला, सख्खा काका दुसऱ्या बाजूला. पुढे चाळीस वर्षं दोघे एकाच चर्चमध्ये जायचे आणि वेगवेगळ्या टोकांना बसायचे. त्या दोन बाजूंचेच पुढे दोन पक्ष झाले, आणि आजवर आळीपाळीने त्यांनीच राज्य केलं. हे राज्य अजून शंभर वर्षांचंही नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. नोराने जन्मभर वडिलांच्याच पक्षाला मत दिलं होतं. काकाच्या पक्षाला तिसरी-चौथी पसंतीसुद्धा कधी दिली नव्हती.

मतदान प्राथमिक शाळेत होतं. भिंतीवर मुलांनी रंगवलेल्या मेंढ्या होत्या. टेबलामागच्या बाईंनी यादीत माझं नाव शोधलं, पट्टी ठेवली आणि थांबल्या.

"तुमच्या नावापुढे 'एल' आहे. म्हणजे फक्त स्थानिक निवडणूक."

मला लगेच कळलं. भारतीय म्हणून राहताना मी नगरपालिकेच्या मतदानासाठी नाव नोंदवलं होतं, कारण तेवढा हक्क इथे परदेशी रहिवाशांनाही मिळतो. नागरिक झाल्यावर नोंद आपोआप बदलेल असं मी धरून चालले. ती बदलत नाही. वेगळा अर्ज आपणच करायचा असतो. मी नागरिकत्वाचं प्रमाणपत्र पुढे केलं.

"अभिनंदन," बाई मनापासून म्हणाल्या. "पण आज मी तुम्हाला मतपत्रिका देऊ शकत नाही, बाळा. आय ॲम सो सॉरी."

मागे रांग होती. मी कुठेच मत देऊ शकत नव्हते, आणि त्याला कारण फक्त मी होते.

"तिला नसेल तर नसेल," मागून नोरा मोठ्याने म्हणाली. "मला तर आहे ना? मला दिसत नाही. मीना माझी सोबतीण."

दृष्टी अधू असलेल्या मतदाराला सोबती नेता येतो. बाईंनी आम्हा दोघींना चार प्रश्न विचारले आणि परवानगी दिली.

इथे एका नावापुढे खूण करून भागत नाही. पसंतीक्रमाने एक, दोन, तीन असे आकडे घालायचे. दोरीला बांधलेली पेन्सिल माझ्या हातात होती. मी कुजबुजत नावं वाचली. नोराने पहिला आकडा सांगितला. दुसऱ्याच्या वेळी तिने माझं मनगट धरलं, काकाच्या पक्षाचं नाव घेतलं आणि म्हणाली, "डॅडी, माफ करा." (हे लिहायला तिची परवानगी घेतली आहे.) मग तिसरा.

"चौथा तुझा. नाव सांग."

"नोरा, हे तुझं मत आहे."

"माझंच आहे. म्हणून कुणाला विचारून द्यायचं तेही मीच ठरवणार."

मी पेन्सिल कागदावरून उचलली. कुणाच्या मतपत्रिकेत आपलं मत घुसवणं मला पटेना. किंवा असंही असेल, की दारातून परत पाठवल्याचा राग होता आणि खिडकीतून आत यायला मी तयार नव्हते. त्या क्षणी यातलं खरं कोणतं, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

"रुसली आहेस," ती म्हणाली. "घडी घाल मग."

पत्रिका तिनेच चाचपत पेटीत टाकली. परतताना ती माझ्या हाताला धरून चालली.

रात्र मी तिच्याकडेच काढली. रविवारी सकाळी नदीकाठी एक फेरी मारली आणि पावसातच निघाले. घरी शिरीष म्हणाला, "तू बरोबरच केलंस." मुलगी फोनमधून मान वर न करता म्हणाली, "इट्स ग्रँड, आई. नेक्स्ट टाइम." मला दोघांचंही पटलं नाही. सोमवारी अर्ज भरून गार्डा म्हणजे पोलीस स्टेशनात शिक्का मारून घेतला. तुमच्यापैकी कुणी नुकतंच नागरिक झालं असेल तर आजच आपली नोंद तपासा. निवडणूक जाहीर झाल्यावर हातात फार थोडे दिवस उरतात.

नियमाने मी कदाचित चुकले नव्हते. पण चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईने आयुष्यभराचा हट्ट मोडला त्या ठिकाणी, त्याच कागदावर, तिने मला जागा देऊ केली होती, आणि मी ती कोरी ठेवली. किलकेनीहून येताना हेच बरोबर आलं.

त्याच सोमवारी संध्याकाळी मी नोराला फोन केला. मतमोजणी अजून चालूच होती.

"नोरा, माझं चुकलं."

"सांग मग आता नाव."

"आता काय उपयोग?"

"काही नाही. मला ऐकायचंय."

मी सांगितलं.

"त्याला?" ती म्हणाली. "त्या माणसाला मी दहावी पसंतीसुद्धा दिली नसती!"

"का नाही?" मी विचारलं.

आणि मग आम्ही अर्धा तास भांडलो.