साहेबाचा चेंडू आणि आडवे माड

नागावच्या किनाऱ्यावर आमच्या साहेबाने गोल्फचं मैदान काढलं, तेव्हा मी त्याचा दुभाष्या होतो. मैदान इतकं अरुंद, की साहेब नुसता शिंकला तरी चेंडू शेजारच्या वाडीत जायचा. त्या वाडीच्या म्हाताऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. माडावरून तो दहा नारळ उतरवी, तर त्यांच्यासोबत वीस चेंडू. ते धोतराला पुसून प्रसादासारखे दोन्ही हातांनी परत देई.

एके सकाळी साहेब आपल्या मडमेला सोबत घेऊन मैदान रुंद करायला निघाला. वाडीचे सगळे माड पाडायला कुऱ्हाडवाले आले. म्हातारा पहिल्या माडाला पाठ लावून उभा राहिला आणि मला म्हणाला, "भाऊ, साहेबाला इचारा. आज चेंडू चुकला तर माड आडवा आला म्हनता येतं. उद्या माडच न्हाय, मग मडमेला काय सांगाल?"

उभ्या जन्मात तेवढंच भाषांतर मी प्रामाणिकपणे केलं. साहेबाने मडमेकडे पाहिलं आणि कुऱ्हाडवाल्यांना घरी धाडलं.

पुढे साहेबाचा चेंडू थेट समुद्रात गेला, तरी म्हातारा माडालाच चापट मारून ओरडे, "परत आडवा आलास, मेल्या?"

साहेब खुशीत मान डोलवी. माझ्या चुका अंगावर घेणारा असा एकही माड मला अजून भेटलेला नाही.