खांबाखालची थेल्मा

थेल्मा रिडाउट सहासष्ट वर्षांची झाली, पण मे महिन्याच्या खांबाची रिबीन धरून ती आजवर एकदाही नाचली नव्हती. रिबिनी तिने धुतल्या होत्या, त्यांना इस्त्री केली होती, उंदरांनी कुरतडलेली टोकं दुमडून शिवली होती. पण नाचली नव्हती. आणि नेदरकोम गावात हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, तिची खरी चीड हीच होती.

गोष्ट शाळेपासूनची. मे महिन्यात हिरवळीवर खांब उभा राहायचा, शेंड्याला रंगीत रिबिनी, आणि पांढऱ्या फ्रॉकातल्या पोरी आत-बाहेर, आत-बाहेर करत खांबाभोवती गोफ विणायच्या. हिरवळीत खड्डा खणायला गावाची मनाई, म्हणून खांब एका लाकडी चौकटीत बसवलेला. पोरींनी रिबिनी ओढल्या की चौकट उचलली जायची, तेव्हा तिच्यावर वजन हवं. स्टिकलंडबाईंनी वर्गावरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "थेल्मा, तू बस हं चौकटीवर. तू कशी छान भक्कम आहेस!"

भक्कम! सात वर्षांच्या पोरीला! बाईंच्या जिभेला काही हाड?

नाचात सगळ्यांच्या पुढे होती तिची थोरली बहीण कोरल. तीच त्या वर्षीची मे-राणी, डोक्यावर फुलांचा मुकुट, गावभर कौतुक. थेल्मा खांबाखाली गुडघे पोटाशी घेऊन बसली. तिथून नाच दिसत नाही. दिसतात ते पाय. कुणाचा मोजा घसरलाय, कुणाच्या बुटाला चिखल लागलाय, एवढंच. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षी तेच. थेल्मा मोठी झाली, त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली, तरी मे उजाडला की कुणीतरी दारातून डोकावायचंच, "थेल्मा, जरा बसतेस ना?" की ही निघाली हात पुसत.

आणि एकदा माणूस बसतं म्हटल्यावर गाव त्याला उठू देतं होय? पाच नोव्हेंबरला माळावर मोठी आग पेटायची, आतषबाजी व्हायची, आणि फटाक्यांना घाबरणारी गावातली सगळी कुत्री थेल्माच्या स्वयंपाकघरात. नाताळात सगळं गोत तिच्याकडे. टर्की कापून, रस्सा वाढून, बटाटे पुन्हा गरम करून ती टेबलाशी येईतो जेवताना डोक्यावर घालायच्या कागदी मुकुटांतला एकही उरलेला नसायचा. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तर काय! मातृ-रविवारी, म्हणजे आईसाठीच्या सणाला, कोरल बोर्नमथहून डॅफोडिलचा गुच्छ घेऊन यायची, आणि आई तिचा हात धरून म्हणायची, "किती करतेस गं माझं!" थेल्मा तेव्हा मागच्या खोलीत आईच्या चादरी पिळत असायची. असा राग यायचा! पण बोलणार कुणाला?

यंदा मात्र शाळेत नाचायला पोरंच पुरेनात. मेच्या जत्रेचं सगळं बघणाऱ्या प्रिसिला गॉडविनने जाहीर केलं, या वर्षी नाच मोठ्यांचा. सगळ्यांत आधी नाव दिलं ते थेल्माने. एप्रिलभर गावच्या सभागृहात सराव झाला. गुडघा कुरकुर करायचा, ती त्याला दटावायची, "तू गप रे, मेल्या!" नवा पांढरा ब्लाऊज घेतला. हिरवी रिबीन मागून घेतली. तिच्याऐवजी चौकटीवर वाळूची पोती ठेवायचं ठरलं.

जत्रेचा, सुट्टीचा सोमवार उजाडला तोच वारा घेऊन. केकच्या टेबलावरच्या जाळ्या उडत होत्या, मॉरिस नाच करणारे पायातली घुंगरं बांधत टोप्या सांभाळत होते. थेल्मा रिबीन धरून आपल्या जागी उभी राहिली, आणि प्रिसिला धावत आली.

"वाळूची पोती कुठायत चौकटीवरची?"

"ती होय? चहाच्या तंबूला बांधली मी," पाद्रीबुवा म्हणाले. "नाहीतर तंबू गेला असता चर्चच्या मनोऱ्यावर."

"अहो, मग खांबाचं काय?"

मग एकेक मान वळली, थेल्माकडे. कुणी ठरवून नाही, नुसत्या सवयीने. आणि तेच तिला जास्त लागलं.

"थेल्मा, माझी गुणाची," प्रिसिला मधाळ आवाजात म्हणाली, "तू बसतेस ना? तुला सवय आहे."

"बस की, थेल्मे," कोरल म्हणाली. ती केकच्या स्पर्धेचा निकाल द्यायला आली होती, फिकट गुलाबी सूट घालून. "तुझा गुडघाही दुखतोय. तुझ्याऐवजी मी नाचते. मला येतंच की सगळं." आणि तिने हिरव्या रिबिनीसाठी हात पुढे केला.

थेल्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नाही."

"नाही काय?"

"बसणार नाही. जन्मभर बसले. वजन पाहिजे ना? पाद्रीबुवा, तुम्ही बसा. प्रिसिला, तूही बस. दोघांनी भागत नसेल तर तिघं बसा, पण मी बसायची नाही! आणि कोरल, हात मागे घे. ही रिबीन माझी आहे."

"अगं, लोक बघतायत!"

"बघू देत की! आजवर कुठे कुणी बघितलंय?"

घुंगरं थांबली. अ‍ॅकॉर्डियनवाल्याने चाचरत विचारलं, "वाजवू का नको?"

"वाजव!" थेल्मा ओरडली.

पाद्रीबुवा झगा सावरत चौकटीवर बसले. प्रिसिला बसली. खांब अजून डुगडुगत होता. शेवटी ओठ दाबून कोरलही बसली, गुलाबी सुटासकट. थेल्माच्या एकटीच्या जागी तिघं लागली, आणि तीही दाटीवाटीने.

नाच सुरू झाला. आत, बाहेर, आत, बाहेर. थेल्माला श्वास पुरेना, पण पाय चालत होते. आणि मग, आत जायचं तिथे ती बाहेरून गेली. हिरवी रिबीन भलत्याच रिबिनीवर चढली, मागच्या चौघांची गाठ बसली, बघणारे "अरेरे!" म्हणाले. हाय रे कर्मा! इतक्या वर्षांनी रिबीन हातात आली आणि हे असं! तिला स्वतःच्याच दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या.

चुकलेला गोफ सोडवायचा तर उलटं नाचावं लागतं. "फिरा उलटे!" कुणीतरी वैतागून म्हणालं. सगळे मागे फिरले, सावकाश, एकेक पाऊल टाकत. असं जाता जाता थेल्मा खांबाच्या अगदी जवळून गेली, तेव्हा खालून, रिबिनींच्या आडून, कोरलचा आवाज आला.

"थेल्मे, अगं, इथून काहीच दिसत नाही. नुसते पाय दिसतात गं. तुझे कुठले तेही कळेना."

"तपकिरी बूट," थेल्मा धापा टाकत म्हणाली. "डाव्याची टाच झिजलेली. तू राणी झालीस तेव्हा तुझे पांढरे होते, चंदेरी बकलाचे. मुकुट कसा होता तो मला माहीत नाही."

कोरल काहीतरी म्हणाली, पण तोवर थेल्माची पाळी आली होती. ती बाहेरून गेली, मग आतून, आणि या वेळी बरोबर गेली.