सव्वीस अंश डावीकडे

ज्याची दिशा चुकली त्याचं सगळं चुकलं, हे वाक्य आमच्या मशिदीत मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ते इतक्या गंभीर आवाजात सांगितलं जातं की सांगणारा जन्मात कधी वाट चुकला नसावा असं वाटावं. आमचे पेशइमाम, म्हणजे नमाज पढवणारे, बाहेरगावचे. रत्नागिरी स्टँडवर आमच्या वस्तीची गाडी कुठे लागते हे त्यांना अजून विचारावं लागतं. पण पुढच्या भिंतीतल्या कोनाड्याशेजारच्या, म्हणजे मिहराबीशेजारच्या, मोठ्या स्पीकरमधून त्यांचा आवाज आला की शंका उरत नाही.

वस्ती खाडीकाठची. निम्मे पुरुष आखातात, उरलेल्यांतले बरेच मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवर. किब्ला, म्हणजे नमाजाला तोंड करायची मक्केची दिशा, आमच्याकडे कुणी कधी मोजली नव्हती. पश्चिमेला समुद्र, समुद्रापलीकडे अरबस्तान. किंचित उजवीकडे वळायचं, झालं. मशीद तशीच बांधली, मिहराबही त्याच दिशेला, आणि कबरी मशिदीकडे बघून खणल्या. मयताला उजव्या कुशीवर, तोंड किब्ल्याकडे करून ठेवतात, त्यामुळे कबर कशी खणायची हेही त्या दिशेवरच ठरतं.

मग आखातातल्या मंडळींनी मशिदीला नवा गालिचा द्यायचं ठरवलं. त्यात नमाजाच्या रांगांच्या रेषा विणलेल्या असणार होत्या. कारखान्याने विचारलं, रेषा कोणत्या कोनात हव्यात? कमिटीने एकमेकांकडे पाहिलं आणि काम माझ्या भाच्यावर सोपवलं.

भाचा इंजिनिअरिंगला. दाढी नीट राखलेली, पाचही नमाज वेळेवर, आणि त्या वेळा सांगणारं अॅप वस्तीतल्या तरुणांच्या फोनमध्ये त्यानेच घालून दिलेलं. कुराणही तो फोनवरच वाचायचा. म्हणून तो फोन कधी जमिनीवर ठेवत नसे. ज्यात कुराण आहे ते पायाशी ठेवायचं नाही, हे त्याला त्याच्या आईने शिकवलं होतं. तिला पुस्तक अभिप्रेत होतं. मी एकदा चिडवलं की अरे, त्याच फोनमध्ये क्रिकेटही आहे. तो म्हणाला, "मामू, कपाटात कुराणाशेजारी तुमची ब्लडप्रेशरची गोळी असते. म्हणून कपाट पायाखाली घ्यायचं का?" मी वाचनालयात नोकरी केलेला माणूस, घरी जाऊन गोळी कपाटातून खिडकीत हलवली.

किब्ल्याचं अॅप सांगत होतं की फोन सपाट जागी, न हलवता ठेवा. मशिदीत जमिनीखेरीज सपाट जागा एकच, मिहराबीशेजारच्या स्पीकरचं खोकं. त्याने फोन त्यावर ठेवला. बाण मिहराबीपासून सव्वीस अंश डावीकडे जाऊन थांबला.

त्याने तीन दिवस मोजलं. मग मित्रांनी आपापल्या फोनवर मोजलं. त्याच्या शिकवणीमुळे आता कुणीच फोन जमिनीवर ठेवत नव्हतं, सगळे त्याच खोक्यावर ठेवायचे. पाच फोन, पाचही सव्वीसच्या आसपास. मी घरातला नकाशा उघडून दाखवला की हा बाण आफ्रिकेत जातो. भाचा शांतपणे म्हणाला, "मामू, नकाशा सपाट आहे, पृथ्वी गोल आहे." मी नकाशा मिटला. गोल पृथ्वीपुढे कोण बोलणार?

महिन्याभरात वस्तीची हवा बदलली. तरुणांनी फरशीवर चिकटपट्ट्या लावून नव्या रांगा आखल्या. इमामांच्या मागे एकाच ओळीत निम्मे सरळ आणि निम्मे तिरके उभे राहू लागले. ओळ दात पडलेल्या फणीसारखी दिसे. कमिटीच्या अध्यक्षांनी लेटरहेडवर एक निवेदन काढलं, त्यात 'एकोपा' हा शब्द सात वेळा होता. ते फळ्यावर लागलं त्याच दिवशी दोन सख्ख्या भावांनी एका होडीवर जाणं बंद केलं. बायका विहिरीवर बोलायच्या थांबल्या. एरवी चहाच्या टपरीवर मोठ्याने भांडणारी माणसं आता मी आलो की गप्प होत, आणि आमच्या वस्तीत माणसं गप्प झाली की मला भीती वाटते.

कबर खणणाऱ्याने मला रस्त्यात थांबवून विचारलं, पुढची कबर कुणाच्या हिशेबाने खणू? पुढची कबर कुणाची, हे आम्ही दोघंही बोललो नाही.

माझे चाचा अंथरुणाला खिळले होते. चाळीस वर्षं मशिदीत बांग त्यांनी दिली. आता छातीत पाणी होत होतं आणि डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हटलं होतं. त्यांच्या तब्येतीची चौकशी एवढी कधीच झाली नव्हती. म्हातारे सकाळी येत, तरुण तिसऱ्या प्रहरच्या असरच्या नमाजानंतर. दोन्ही बाजू फळं आणत आणि श्वास किती उरलाय ते बघून जात. त्यांची कबर ज्या दिशेने पडेल ती बाजू जिंकली, हे सगळ्यांना माहीत होतं. चाचांनाही.

एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. "मी चाळीस वर्षं बोलावलं," ते म्हणाले, "ते आले. मग उभे कुठे बघत राहिले रे?"

मी काहीतरी पुस्तकी सांगितलं, की नियत महत्त्वाची असते. त्यांनी ऐकून घेतलं. मरणाऱ्या माणसाला शिष्टाचार सोडता येत नाही. मग म्हणाले, त्या पोराला बोलाव.

भाचा आला. आपल्या आईच्या या काकांना तो नाना म्हणायचा. दोन आठवडे तो त्यांच्यासमोर आला नव्हता.

"माझी खाट तुझ्या दिशेला लाव," चाचा म्हणाले. "मला बरोबर तोंड करून मरायचंय. मोज."

भाच्याने सपाट जागा शोधली. खोलीत लाकडी खाट, एक बादली आणि औषधांनी भरलेलं स्टूल. चाचांनी सदरा सारखा केला. "इथे ठेव. छाती सपाटच झालीय."

फोन त्यांच्या छातीवर श्वासाबरोबर वरखाली होत होता. बाण फिरला आणि खिडकीबाहेरच्या माडावर थांबला. चाचा पडल्यापासून त्याच माडाकडे, मशिदीच्या जुन्याच दिशेला, तोंड करून नमाज पढत होते. भाच्याने फोन उचलला, पुन्हा ठेवला. माड. त्याचा चेहरा उतरला. तो मशिदीकडे निघाला आणि मी मागोमाग.

मशीद रिकामी होती. त्याने फोन स्पीकरच्या खोक्यावर ठेवला, बाण डावीकडे. उचलला, बाण मिहराबीकडे. ठेवला, डावीकडे. पुन्हा उचलून तो खाली बसला आणि फोन त्याच्या हातून गुडघ्याशी फरशीवर टेकला गेला. बाण मिहराबीवर स्थिर होता.

"स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं," तो म्हणाला. "मी इंजिनिअरिंगला आहे, मामू."

त्याने चाचांना सगळं सांगितलं. चाचांनी डोळे मिटले, मला वाटलं संपलं. मग म्हणाले, "शुक्रवारी सगळ्यांसमोर बोल. स्पीकरवरूनच बोल, मागेपर्यंत ऐकू जातं."

तो बोलला. खोकं, चुंबक, सव्वीस अंश, सगळं सांगितलं. म्हाताऱ्यांनी मान डोलावली, जणू त्यांना चुंबक आधीपासून माहीत होतं. तरुणांतल्या काहींनी पट्ट्या उपटल्या. काहींनी मात्र नाही. कमिटीने भाच्यावर दबाव आणला असं ते म्हणत, आणि भाचा त्यांचा पुढारी उरला नाही म्हणून त्यांचा आवाज वाढला. चुकीची दिशा एकदा आखली की ती कुणाच्या तरी मालकीची होते. ते अजून तिरके उभे राहतात. मी त्यांच्या शेजारी उभा राहतो तेव्हा खांद्याला खांदा लागत नाही.

चाचा पुढच्या आठवड्यात गेले. कबर इतरांच्या ओळीत खणली. भाचा स्वतः खाली उतरला आणि त्याने त्यांचं तोंड किब्ल्याकडे केलं. फोन त्याने घरी ठेवला होता. वरून दोन्ही बाजूंचे लोक बघत होते.

गालिचा गेल्या महिन्यात आला. रेषा अगदी बरोबर कोनात आहेत. तो दीड फूट आखूड आहे. मशिदीची लांबी कुणी मोजलीच नव्हती.