गैबीची मान आणि बिजलीची धडक

आमच्या गवळी गल्लीत गैबीसारखा देखणा माणूस दुसरा नव्हता, असं गैबीचं स्वतःचं मत होतं. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून पळवतात. त्या दिवशी सायलेन्सर काढलेल्या फटफटीवर तो बसायचा, मान मागं वळवून "ये बिजले" अशी हाळी द्यायचा, आणि त्याची म्हैस रंगवलेली शिंगं उचलून फटफटीमागं सुसाट सुटायची. पंचगंगेच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी माणसं. बायका बिजलीकडं बघायच्या आणि गैबीला वाटायचं, आपल्याकडंच बघतात. त्याच्या बायकोनं, खतिजानं, हा गैरसमज बरीच वर्षं तसाच ठेवला होता.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. पाडवा तोंडावर आला होता. भल्या सकाळी सराव चाललेला असताना फटफटीपुढं कोंबडी आडवी आली आणि गैबीनं ब्रेक दाबला. म्हशीला कुठला ब्रेक? तिनं सगळ्या वजनानिशी मागून धडक दिली. गैबीचं डोकं आधी मागं फेकलं गेलं, मग तसंच पुढं छातीवर आलं. तो पडला नाही, खरचटलंही नाही. रस्त्यावर कुणी बघणारं नव्हतं, एवढ्यावरच खूष होऊन घरी आला.

कारण आमच्याकडं म्हैस धन्याच्या अंगावर गेली असं कळलं की वर्षभर त्या घराचं काही खरं नसतं. म्हैस मारकी ठरते. धन्याला काय काय म्हणतात ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यातली निम्मी नावं मीच पाडलेली आहेत.

दुसऱ्या दिवशी मान लाकडासारखी झाली. मानेपासून निघालेली कळ डोक्यातून डोळ्यांमागं जाऊन बसायची. वैरण टाकायला वाकला की गोठा फिरायचा. त्यानं मानेला मफलर गुंडाळला आणि कुणी विचारलं की थंडी म्हणून सांगायला लागला. ऊन चटचट पोळत होतं.

तिसऱ्या संध्याकाळी तो तालमीत आला. मी तिथं कुस्त्या बघायला, म्हणजे खरं तर बातम्या ऐकायला, बसलेलो असायचो. आमच्या भागात मान, पाठ, खांदा काहीही धरलं की माणूस आधी वस्ताद हंबीररावांकडं. पाठीला गुडघा, हनुवटीला तळवा, एक झटका, कट्ट असा आवाज, आणि माणूस हसत घरी.

"काय झालं रं?" वस्तादांनी विचारलं.

"उशी वाकडी झाली, वस्ताद. लचकलीया."

"एवढंच न्हवं? बस खाली. मोडून देतो की."

गैबी तांबड्या मातीत मांडी घालून बसला. वस्तादांनी तेल चोळलं. बोटं मानेवरून फिरली तसा गैबीचा चेहरा पांढरा पडत गेला. वस्तादांनी पाठीला गुडघा लावला, हनुवटी तळव्यात घेतली.

"अंग ढिलं सोड. श्वास घे."

तेवढ्यात दारातून आवाज आला. "वस्ताद, थांबा."

खतिजा होती. तालमीच्या आत बाई येत नाही. तीही उंबऱ्यावरच थांबली होती, पण आवाज सगळ्या तालमीत फिरला.

"उशीबिशी काय न्हाय. बिजलीनं मागनं ठोकलंय ह्यास्नी. फटफटीचा मागचा पत्रा चेपलाय, आत्ता बघून आले. डाव्या हाताची बोटं मेल्यागत झाल्यात. आज धार एका हातानं काढली, आन् दूध कमी का म्हटलं तर मला म्हणत्यात म्हशीनं चोरलं."

कुणी हसलं नाही. मीसुद्धा नाही.

गैबीची हनुवटी अजून वस्तादांच्या हातातच होती. तसाच बोलला, "तिचं काय ऐकताय? पाडवा आलाय. द्या झटका."

"बोटं बधिर हाईत का?"

"झटका द्या म्हणतो न्हवं."

वस्तादांचा हात हलेना. ना पुढं, ना मागं. "डाव्या हातानं माती उचल," ते म्हणाले.

गैबीनं मातीत हात घातला. मूठ मिटलीच नाही. बोटांच्या फटींतून माती सरासरा गळाली आणि तळवा रिकामा राहिला. तो आपल्याच हाताकडं बघत राहिला.

वस्तादांनी आधी गुडघा काढला. मग काठोकाठ भरलेली घागर उतरवावी तसा तळवा हळूच सोडवून घेतला. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"मान जाग्यावर ठेव. बोलू नको. गाडी आणा कुणीतरी."

शाहूपुरीतल्या हाडांच्या डॉक्टरनं फोटो काढला. हिसक्यानं मानेतली शीर दाबली गेली होती. झटका बसला असता तर हात कायमचा गेला असता, कदाचित पायही, असं तो म्हणाला. मानेला पट्टा घातला, फटफटी बंद केली.

पाडव्याला बिजलीच्या गळ्यात कवड्यांचा पट्टा आणि धन्याच्या गळ्यात डॉक्टरचा. गैबी घरात बसेल अशी माझी खात्री होती. पण तो बिजलीचं दावं धरून पायी आला. कुणीतरी विचारलंच, "गैबी, मानंला काय झालं?"

"हिनं धडक दिली," तो सरळ म्हणाला.

रस्ताभर हशा पिकला. गैबीला मान वळवता येत नव्हती. तो समोरच बघत चालला होता आणि कडेनं चालणारी खतिजा त्याला सांगत होती, कोण कोण हसतंय. तिनं पहिलं नाव माझं घेतलं.

"त्यो हसणारच की," गैबी म्हणाला, आणि डाव्या हातातलं दावं त्यानं जमेल तेवढं आवळलं.