लंडनच्या प्रतीतलं शेवटचं प्रकरण

नव्या कोऱ्या पुस्तकाचा वास मला नेहमीच मोहवतो. पण धाकट्या बहिणीने अमेरिकेहून आणलेल्या त्या कादंबरीचा गंध काही निराळाच होता, कोरडा, किंचित गोडसर, परक्या हवेचा. वाडीतल्या केळींवरून संध्याकाळचा वारा यायचा, चर्चची घंटा व्हायची आणि मी पप्पांना वाचून दाखवायला बसायचे. पप्पांनी उभी हयात वसईच्या एका शाळेत इंग्रजी शिकवलं. आता दृष्टी मंदावली आहे. पण या समुद्रकाठच्या कथेची त्यांनी तरुणपणी इतकी पारायणं केलेली, की मी वाक्य सुरू करावं आणि त्यांनी ते हसत पूर्ण करावं! आवडीचं पुस्तक पुन्हा ऐकण्यातलं सुख किती निर्मळ असतं, नाही?

कादंबरीतली मुलगी बापाशी भांडून बोटीत बसली, किनारा धूसर झाला आणि पुस्तक संपलं. मी ते मिटलं.

“बाय, मिटतेस काय? पुढचं प्रकरण वाच. ती परत येते ना!” पप्पा म्हणाले. “म्हातारा जाळं विणत बसलेला असतो. मान वर न करता म्हणतो, दार लोटून घे, वारा सुटलाय.”

पुढे प्रकरणच नव्हतं. मी पानं उलटसुलट करून पाहिली. आत्याची विस्मृती अशीच सुरू झाली होती. न घडलेल्या गोष्टी ती शपथेवर सांगायची. आम्ही भावंडं दबक्या आवाजात बोलू लागलो, डॉक्टरांची वेळ घेतली. मी सहज विचारल्याचा आव आणून पप्पांना जुन्या शेजाऱ्यांची नावं विचारू लागले. ज्याने आपल्याला शब्द दिले, त्याच्याच शब्दांची परीक्षा घ्यायची! पप्पाही आता वाचायला बस म्हणेनासे झाले.

शेवटी न राहवून मी त्यांच्या शाळेत गेले. त्यांची सारी पारायणं तिथल्याच ग्रंथालयातल्या प्रतीवर झाली होती. ग्रंथपालबाईंनी कपाट उघडून ती काढून दिली. लंडनमध्ये छापलेली होती. मी उभ्याउभ्याच शेवट उघडला.

प्रकरण होतं! जाळं होतं, म्हातारा होता, दार लोटून घेणारी लेकही होती. मी तिथूनच बहिणीला फोन केला; तिने तेव्हाच शोधून सांगितलं, की अमेरिकेतल्या प्रकाशकाला म्हणे विरहावरच कथा थांबायला हवी होती, म्हणून त्याने ते प्रकरण सरळ गाळून टाकलं. एकाच नावाच्या दोन कथा समुद्राच्या दोन तीरांवर सुखेनैव नांदत होत्या, आणि आम्ही हातातल्या प्रतीलाच प्रमाण मानून भेदरून बसलो होतो. शाळेच्या पायऱ्या उतरताना मला एकटीलाच मोठ्यांदा हसू आलं.

त्या संध्याकाळी ती प्रत घरी आणून मी पप्पांना ते प्रकरण वाचून दाखवलं. वाटलं होतं, पप्पा विजयाने टाळी मागतील. त्यांनी मात्र चाचपडत पानावर हात ठेवला.

“छापलेलं आहे ना, बाय? माझ्यासाठी रचून सांगत नाहीस ना?”

छापलेलंच आहे, मी म्हटलं. आम्हा सगळ्यांची मिळून जेवढी भीती होती, त्याहून मोठी ते एकटे बाळगून होते! पप्पांनी दीर्घ श्वास सोडला, डोळे पुसले.

“मग आता डॉक्टरकडे जायला नको ना?”

त्या भेटीविषयी आम्ही त्यांना अवाक्षरही सांगितलं नव्हतं.